ओट्याची धूळ कोणाच्या छातीत?

मा. संपादक, स. न.

दिवाळीच्या आधी नवी मुंबईत घरोघरी फर्निचरची आणि ओट्याची कामं निघतात. म्हणून हे पत्र. माझा थोरला भाऊ घणसोली, ऐरोलीपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये ग्रॅनाइटचे ओटे बसवायचा. आज त्याला दोन जिने चढवत नाहीत. अजून पन्नाशीही आलेली नाही.

डबा द्यायला जायचे तेव्हा त्याचं काम मी पाहिलंय. सिंकसाठी भोक पाडायला कटर लावला की खोलीत समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं. एसी आणि कपाटं खराब होऊ नयेत म्हणून मालक त्यांना प्लास्टिक लावून घेत. शेजाऱ्यांकडे धूळ जाऊ नये म्हणून सोसायटी दारं-खिडक्या बंद ठेवायला लावी. एसी जपला, शेजारी जपले, आणि आत राहिला तोंडाला रुमाल बांधलेला माझा भाऊ. ही धूळ इतकी बारीक असते की रुमालाने अडत नाही. पाणी सोडत कापलं तर ती बरीच बसते. पण मग चिखल होतो, खालच्या घरात ओल जाते, वेळ लागतो, आणि मजुरी तर रनिंग फुटावर, म्हणजे जेवढी लांबी तेवढेच पैसे!

खोकला हटेना तेव्हा एका दवाखान्यात एक्स-रे बघून टीबीचा कोर्स सुरू केला. सहा महिने गोळ्या घेतल्या, दम तसाच. काम काय करता, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. ते पुढे छातीच्या डॉक्टरांनी विचारलं आणि सिलिकोसिस निघाला. दगडातली सिलिका फुप्फुसात बसली की तिथे व्रण धरतात, ते औषधाने जात नाहीत. शिवाय अशा माणसाला टीबीही लवकर गाठतो.

हल्ली डाग पडत नाहीत म्हणून लोक कृत्रिम क्वार्ट्जचा ओटा मागतात. त्यात सिलिका ग्रॅनाइटपेक्षा खूपच जास्त, अनेकदा ९० टक्क्यांच्या वर असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो बनवायला, विकायला आणि बसवायलाही बंदी केली, ती हेच काम करणारे तरुण कारागीर आजारी पडले म्हणून.

१९४८च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसची नोंद सक्तीची केली होती. पण भावाला कारखाना कुठला? आज हा ठेकेदार, उद्या तो. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नाही. बांधकाम कामगार मंडळाकडे नाव नोंदवायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मागतात. तीन दिवस एका फ्लॅटमध्ये, दोन दिवस दुसऱ्या, दाखला द्यायचा कुणी? राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणलं, त्यात आजार प्रमाणित झाला की अर्थसाहाय्य मिळतं. आपल्या राज्यातल्या कारागिरालाही तसा आधार हवा.

महापालिकेच्या दवाखान्यांत टीबीच्या प्रत्येक केसपेपरवर रुग्णाचा धंदा लिहिलाच पाहिजे. भावाच्या हाताखाली शिकलेली मुलं आजही कटर चालवतात, त्यांच्यासारख्यांची छाती खोकला लागण्याआधी तपासावी. सोसायट्या कामाला परवानगी देताना अनामत घेतात, लिफ्टला प्लाय लावायला सांगतात. त्याच अर्जात आणखी एक अट घालावी: दगड गोडाऊनमधून पाण्यावर कापूनच आणायचा, घरात कोरडा कटर चालणार नाही.

– एक वाचक, घणसोली