आमच्या अँबेसिडरचा शाफ्ट बदलून देणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, गाडी काढ आता" म्हणता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, रागवू नका.

आप्पांची १९९४ ची डिझेल अँबेसिडर साठच्या पुढं गेली की बूड थरथरायचं, पुणे रोडला मोहोळ येईपर्यंत आईच्या पायाला मुंग्या यायच्या. चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केलं, एका गॅरेजमध्ये इंजिनचे फाउंडेशन रबर बदलले, थरथर तशीच, आणि मग जो तो सांगायला लागला की विकून टाका, २०१४ ला कंपनीनं बनवायचीच बंद केली, पार्ट कुठून आणणार. आप्पा काही बोलायचे नाहीत, नुसतं गाडीवर कव्हर टाकून यायचे.

तुम्ही बॉनेटला हातच लावला नाही. मागच्या सीटवर बसून खालच्या उंचवट्यावर हात ठेवला (त्याच्याच खालून शाफ्ट जातो, म्हणजे गिअरबॉक्सचं फिरणं मागच्या चाकांकडं नेणारा लांब दांडा), अक्कलकोट रोडला मोकळा रस्ता लागल्यावर सत्तरला न्यूट्रल कर म्हणालात. इंजिन आयडलवर आलं तरी थरथर तेवढीच. "इंजिनचं असतं तर आत्ता थांबलं असतं, हे चाकाच्या स्पीडवर चाललंय." एवढी साधी टेस्ट ओ, फुकटची, आणि तोपर्यंत एकानं केली नव्हती.

मग खाली. चाकांना पुढून मागून दगड लावल्याशिवाय तुम्ही मला आत सरकू दिलं नाही, कारण शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये असून उपयोग नाही, चाकाचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटतो. मागचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, हातानं हलत होता, त्याच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या कपाभोवती लाल गंजाची पावडर. नुसता क्रॉस बदलून पैसे घेता आले असते तुम्हाला. पण योकची, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याची, भोकंच मोठी झालीत, नवा कप बसला तरी ढिला राहणार, हे मला बोट घालून बघायला लावलंत, आणि शाफ्ट लेथवर फिरवून वाकलाय हेही दाखवलंत.

भंगारातला शाफ्ट शोधून, लांबी मापून, दोन्ही टोकांना नवे क्रॉस, मग बॅलन्सिंग. मागच्या फ्लँजचे चार बोल्ट काढायच्या आधी पांढऱ्या पेंटनं खूण केली होतीत. दोन टोकांचे योक एका लाइनीत पाहिजेत, सरकत्या जॉइंटमध्ये एक खाच जरी चुकली तरी नवा शाफ्टसुद्धा थरथरतो, हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. आणि ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत मारायचं, एकातून आलं नाही तर त्या कपातल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या राहून तोच आधी जाणार. हे मी वहीत लिहून ठेवलंय मामा, खरंच.

थरथर गेली पण गाडी जागेवरून उचलताना मागनं खट्ट आवाज राहिला होता. दुसरा कुणी म्हणाला असता जुनी गाडी आहे, चालायचंच. तुम्ही परत खाली गेलात आणि पाट्याचे, म्हणजे मागच्या स्प्रिंगला ॲक्सल आवळून धरणारे, यू बोल्ट ढिले निघाले. ॲक्सलच जागेवर पिळत होता, त्यामुळं शाफ्टचा अँगल बदलायचा, म्हणजे क्रॉस लवकर जायचं कारण पण तेच असणार. ते आवळले नसते तर नवे क्रॉस पण गेले असते.

माझ्या मते मिस्त्री असा पाहिजे, आधी दोष शोधणार, मग पाना उचलणार. आप्पा परवा आईला घेऊन तुळजापूरला स्वतः चालवत गेले, घाटात पण गाडी एकदम शांत, आल्या आल्या मला म्हणाले मामांना फोन लाव. तुम्ही उचलला नाहीत.

ग्रीसिंगला गाडी घेऊन येतोच, आईनं शेंगापोळ्या द्यायच्या म्हणून बजावलंय, त्या तरी नको म्हणू नका. आणि जुन्या गाड्यावाले बरेच जण तुमचा नंबर मागतायत, तुम्हाला विचारल्याशिवाय दिला नाही. देऊ का?