खुलासा करायचा नाही

महोदय,

युद्धकाळातल्या चीनशी आम्हा सोलापूरकरांची ओळख डॉ. कोटणीसांपुरतीच. त्याच वर्षांत शांघायमध्ये ग्वान लू नावाची कवयित्री काय करत होती, हे मला अलीकडेच कळलं.

१९३९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने तिला जपान्यांना फितूर झालेल्या एका हेरप्रमुखाच्या घरी पेरलं. कोणी गद्दार म्हणालं तर खुलासा करायचा नाही, ही अट. १९४२ पासून ती जपानी पैशावर चालणाऱ्या एका स्त्रियांच्या मासिकाच्या संपादनाला बसली. मुख्य संपादिका तामुरा तोशिको, जपानी कादंबरीकार. हेर म्हटलं की आपल्याला पिस्तूल आठवतं. हिच्या हातात कवितांची बाडं आणि प्रुफं. (मीही आयुष्यभर प्रुफंच तपासली, म्हणून हे जास्त भिडलं असेल.) १९४३ मध्ये तोक्योच्या लेखक संमेलनालाही जावं लागलं. मग काय, जुन्या स्नेह्यांनी तोंड फिरवलं.

युद्ध संपलं, पक्ष सत्तेवर आला, पण शिक्का काही पुसला गेला नाही. ठरत आलेलं लग्न पक्षानेच मोडलं. तिला कामगिरीवर पाठवणारा पान हान्यान १९५५ मध्ये पकडला गेला, त्यापाठोपाठ तीही. दोन खेपांत मिळून सुमारे दहा वर्षं तुरुंगात गेली. निर्दोष ठरवल्याचा कागद आला मार्च १९८२ मध्ये, डिसेंबरात ती गेली. बीजिंगमधल्या लहानशा खोलीत सोबतीला होती प्लास्टिकची एक बाहुली.

– एक निवृत्त मुद्रितशोधक, सोलापूर