दोन दिवस आणि एक रात्र

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

त्या रात्री आभार मानायला आले, तर तुम्ही ‘थँक्यू-बिंक्यू पॅकअपनंतर’ म्हणालात. पॅकअप झालं आणि तुम्ही जनरेटरच्या गाडीत पुढे बसून निघूनही गेलात. आता हे चारचौघांसमोर लिहिते आहे, म्हणजे पळायला जागा नको.

वाईच्या वाड्यातली ती संध्याकाळ आठवते ना? लोकेशन चार दिवसांचं ठरलं होतं. मालकांकडे अचानक साखरपुडा निघाला आणि आपल्या हातात दोनच दिवस उरले. वीज गेलेली. मी ओसरीवर वन-लाइनचा, म्हणजे कोणता सीन कधी घ्यायचा त्या वेळापत्रकाचा, कागद घेऊन बसले होते आणि खरं सांगायचं तर फिल्म रद्द करायचं मनात ठरवून टाकलं होतं. तुम्ही चहाचा कप ठेवलात, टॉर्च कागदावर धरलीत आणि म्हणालात, “दोन दिवस आणि एक रात्र. कॉर्मनने एवढ्यात आख्खा सिनेमा काढला. तुझी तर वीस मिनिटांची फिल्म.”

कोण कॉर्मन? मला नावही ठाऊक नव्हतं. रॉजर कॉर्मन, अमेरिकन, स्टॅनफर्डचा इंजिनिअर, नोकरी चार दिवसांत सोडली, आणि सिनेमात पैसा बुडू द्यायचा नाही असं ठरवलेला माणूस. एवढं सांगून तुम्ही माझं पेन घेतलंत. कथेचा क्रम गेला, वाड्याचा क्रम आला. माजघरातले सगळे सीन एका दमात, चौकातले सकाळच्या उन्हात, माडी रात्री. आजीबाईंचं काम पहिल्याच दिवशी संपवायचं, म्हणजे त्यांचा दुसरा दिवस वाचतो. वर जेवणानंतर सगळ्यांना साडेअकरापर्यंत तालमीला बसवलंत. मी तेव्हा मनातून चिडले होते. लोक दमलेत आणि हे काय नाटक बसवतायत, असं वाटलं. दुसऱ्या रात्री पावणेदोनला आपण पॅकअप केलं.

तुमच्यावर मी विश्वास ठेवला तो दुसरा पर्याय नव्हता म्हणून. घरी आल्यावर मात्र सगळं तपासलं. रागावू नका, सवय आहे.

गोष्ट खरी निघाली, थोडी मीठमसाला लावलेली. ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’, १९६०. माणसं खाणाऱ्या झाडाचा विनोदी सिनेमा. दुसऱ्या कुणाच्या चित्रपटाचा सेट उभा होता, तो मोडायच्या आत कॉर्मनने दोन दिवस आणि एका रात्रीत मुख्य चित्रीकरण उरकलं. रस्त्यावरचे तुकडे नंतर वेगळे घेतले, हे तुम्ही गाळलंत. नटांच्या तालमी आधीच करून घेतल्या होत्या, हेही गाळलंत, पण आमच्याकडून करवून घेतलंत. दातांच्या दवाखान्यात वेदनेची मजा घेणारा तो पेशंट म्हणजे कोवळा जॅक निकल्सन, हे बघून मी ओरडलेच.

मग नाद लागला. एडगर अॅलन पो या लेखकाच्या भयकथांवरचे त्याचे सिनेमे पाहिले, बहुतेकांत नट व्हिन्सेंट प्राइस. ‘हाउस ऑफ अशर’साठी एक जुनं कोठार खरोखर पेटवलं आणि ती आग पुढच्या सिनेमांतही वापरली. आग एकदाच लावायची, बिल एकदाच भरायचं. तुम्हाला हे फार आवडेल. ‘द रेव्हन’चा सेट उभा आहे आणि भयपटांतला नट बोरिस कार्लॉफ मोकळा आहे म्हणून पटकथा धड तयार नसतानाच ‘द टेरर’ सुरू केला. कार्लॉफचे सीन दोनेक दिवसांत घेतले आणि उरलेलं कामाला असलेल्या पोरांनी पुढे तुकड्यातुकड्यांनी पुरं केलं. त्या पोरांत फ्रान्सिस कोपोला होता आणि निकल्सनही होता. सिनेमा मी दोनदा पाहिला. कथा अजून कळलेली नाही.

सगळंच काही कौतुकाचं नाही, काका. कॉर्मनकडे पैसे कमी मिळत, काम ढोरासारखं असे आणि दर काही मिनिटांनी पडद्यावर थोडी नग्नता हवी हा हिशेब दिग्दर्शकांच्या गळी उतरवला जाई. ते मला पटत नाही. तुम्ही आपल्या पोरांचे पैसे पॅकअपच्या रात्रीच चुकते केलेत. तुमचं पारडं इथे जड आहे.

पण ज्यांना दुसरीकडे दारातही उभं केलं नसतं, त्यांच्या हातात याने कॅमेरा दिला. कोपोला, पीटर बोगदानोविच, स्कोर्सेसी, जोनाथन डेमी, जो दांते, सगळे पुढे नावाजलेले दिग्दर्शक. जेम्स कॅमेरॉन १९८० साली त्याच्याकडे अंतराळयानांच्या प्रतिकृती आणि सेट बनवत होता. गेल अॅन हर्ड स्टॅनफर्डहून कॉर्मनची सहायक म्हणून आली आणि १९८४ मध्ये ‘द टर्मिनेटर’ची निर्माती झाली. हिचं नाव मी डेस्कवर चिकटवलं आहे. १९७७ मध्ये रॉन हॉवर्ड पहिला चित्रपट करत होता. त्याला कॉर्मन म्हणाला की काम चांगलं केलंस तर पुन्हा माझ्याकडे काम करायची वेळ येणार नाही. तुम्हीही मला जवळजवळ हेच म्हणाला होतात, फक्त शिवी घालून.

१९७० मध्ये त्याने न्यू वर्ल्ड पिक्चर्स ही कंपनी काढली. एकीकडे नर्सेसचे आणि मोटारसायकलवाल्यांचे स्वस्त सिनेमे, आणि त्याच ऑफिसातून जगातल्या मोठ्या, गंभीर दिग्दर्शकांचे सिनेमे: बर्गमनचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’, फेलिनीचा ‘अमारकोर्ड’, कुरोसावाचा ‘देर्सू उझाला’ यांचं अमेरिकेतलं वितरण. बर्गमन तर त्याने ड्राइव्ह-इनमध्ये लावला. गाडीत बसून पॉपकॉर्न खाणाऱ्या लोकांसमोर बर्गमन! याला धाडस म्हणायचं की धंदा, मला ठरवता आलेलं नाही.

हे सगळं तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. एक गोष्ट मात्र तुम्ही कधीच बोलला नाहीत, म्हणून ती माझ्याकडून.

पैसा बुडू न देणाऱ्या या माणसाने १९६२ मध्ये ‘द इंट्रूडर’ केला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावात शाळा गोऱ्या-काळ्या मुलांसाठी एकत्र होणार असते आणि बाहेरून आलेला एक गोरा तरुण गाव पेटवतो. ती भूमिका विल्यम शॅटनरची. विषय ऐकून कुणी पैसे घालेना, तेव्हा कॉर्मन आणि त्याचा भाऊ जीन यांनी स्वतःचे घातले. चित्रीकरण मिझूरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या गावांत, खऱ्या गावकऱ्यांना घेऊन. त्यांना पूर्ण पटकथा दाखवलीच नव्हती. कुणकुण लागली तशा धमक्या सुरू झाल्या. कॉर्मनच्या सांगण्यानुसार कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेच्या मिरवणुकीचा सीन मुद्दाम अगदी शेवटी ठेवला होता. सामान गाड्यांत भरून तयार, शॉट झाला की तिथूनच गाव सोडलं. काका, वन-लाइन अशीही लावता येते.

सिनेमा आपटला. नाव बदलून पुन्हा लावला, तरी पैसे निघाले नाहीत. नंतर तो सांगायचा की तेव्हापासून वर करमणूक ठेवली आणि म्हणायचं ते खाली दडवलं. मी बऱ्याच रात्री घालवून त्याचे सिनेमे पाहिले. वाचवलेला प्रत्येक डॉलर जिथे गेला असावा असं वाटलं, तो हा एकच.

२००९ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं. ९ मे २०२४ ला सांता मोनिकात गेला, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होता. ती बातमी मी तुम्हाला पाठवली होती. तुम्ही फक्त हात जोडलेले पाठवलेत.

पुढच्या महिन्यात नवीन फिल्मचं शूट आहे. दिवस साडेचार मिळालेत, पण वन-लाइन तीनच दिवसांची लावली आहे. उरलेल्या दीड दिवसात एक सीन घ्यायचा आहे, ज्याचे पैसे कुणी देणार नाही. कागद घेऊन रविवारी येते. तालीमही लावली आहे, जेवणानंतर.

तुमची टॉर्च अजून माझ्याकडेच आहे. सेल बदलले आहेत.

तुमची,
वाईची वीस मिनिटंवाली