वाढदिवसांच्या चौकटीबाहेरचे : मित्रास पत्र

नागपूर,
९ सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. लेक बारावीनंतर नृत्यातच राहायचे म्हणते, वहिनींना ते मान्य आहे, तुझ्या थोरल्या भावाला मुळीच मान्य नाही आणि तू मध्ये अडकला आहेस, असा एकूण प्रकार दिसतो. मी इथल्या एका दैनिकासाठी कलावंतांच्या वाढदिवसांची चौकट लिहितो, म्हणजे या लोकांचे पुढे काय होते ते मला ठाऊक असणार, असे तू गृहीत धरले आहेस. चौकटीत मावते ते एवढेच : नाव, वय, दोन गाजलेली कामे, एखादे पारितोषिक. तुला हवे ते त्या ओळींच्या मधल्या वर्षांत आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आजच्या चौकटीत आपल्या अमरावतीचा शिव ठाकरे आहे, जन्म ९ सप्टेंबर १९८९. दहा दिवसांपूर्वी पुण्याच्या एमसी स्टॅनचे नाव लिहिले, त्याचा जन्म ३० ऑगस्ट १९९९ चा. दहा दिवस कमी दहा वर्षे इतके अंतर असलेले हे दोघे १२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाच्या अंतिम फेरीत शेजारी शेजारी उभे होते. एक अमरावतीत नृत्याचे वर्ग घेता घेता २०१७ मध्ये ‘रोडीज’मध्ये गेलेला आणि २०१९ मध्ये मराठी ‘बिग बॉस’चे दुसरे पर्व जिंकलेला, दुसरा पुण्याच्या वस्तीतून आलेला रॅपर, ज्याने ‘तडीपार’ आणि ‘इन्सान’ हे अल्बम त्या घरात शिरण्याआधीच काढले होते. करंडक आणि ३१ लाख ८० हजार रुपये स्टॅनला मिळाले, शिव उपविजेता ठरला. तुझ्या लेकीच्या तोंडी सतत असणारी तिन्ही क्षेत्रे, म्हणजे नृत्य, दूरचित्रवाणी आणि हिप-हॉप, त्या रात्री एकाच मंचावर आली होती. विदर्भातल्या घराघरांत शिव हरल्याची हळहळ झाली आणि ती मलाही झाली, परंतु मला त्या निकालापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या हाती काय उरले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

स्टॅनजवळ त्याची गाणी होती. ती त्याने स्वतः लिहिलेली आहेत आणि तो पर्व हरला असता, किंबहुना तो वारंवार म्हणत होता त्याप्रमाणे मध्येच घरी निघून गेला असता, तरी ती लोकांनी ऐकलीच असती. शिवजवळ लोकप्रियता होती, आणि लोकप्रियता दर हंगामात नव्याने कमवावी लागते. त्यामुळे तो पुढे ‘खतरों के खिलाडी’त गेला, ‘झलक दिखला जा’त नाचला. यात कमीपणा काही नाही, उलट दमाचे काम आहे. पण जो माणूस नाचतो त्याचे काम नाच संपताच संपते, आणि जो लिहितो त्याचे काम कागदावर उरते, हा फरक तुझ्या लेकीने आत्ताच समजून घेतलेला बरा.

कायद्यातही हा फरक दिसतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेला नाट्यकृतीत जागा दिलेली आहे, मात्र ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदवून ठेवलेली असली पाहिजे, अशी अट आहे. नृत्यरचना लिहून ठेवणारे नृत्यदिग्दर्शक किती असतील? गीतकार आणि संगीतकारांसाठी मात्र २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटातल्या गाण्याच्या स्वामित्वधनातला त्यांचा वाटा निर्मात्याला लिहून देता येणार नाही, असे ठरले. ज्या गाण्यावर गावोगावच्या स्नेहसंमेलनांत मुली पिढ्यान्‌पिढ्या नाचतात, त्या गाण्यातल्या शब्दांचा मालक कोण हे सांगता येते, पण हातवाऱ्यांचा मालक कोण हे कोणी विचारतही नाही.

हे सारे सोसून जिने स्वतःचे नाव उभे केले ती सरोज खान. तिची चौकट मी २२ नोव्हेंबरला लिहितो, जन्म १९४८. लहानपणी बालकलाकार, मग समूहनृत्यातली मुलगी, मग नृत्यदिग्दर्शक बी. सोहनलाल यांची साहाय्यक असा तिचा प्रवास आहे. स्वतंत्र नृत्यदिग्दर्शिका म्हणून पहिला चित्रपट १९७४ मध्ये मिळाला आणि घराघरांत नाव पोहोचले ते १९८८ मध्ये, ‘तेजाब’मधल्या ‘एक दो तीन’मुळे. मधली चौदा वर्षे कोणत्याही चौकटीत येत नाहीत. त्या गाण्यानंतर फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनासाठी वेगळे पारितोषिकच सुरू केले, आणि ते पहिल्यांदा तिलाच मिळाले. म्हणजे तिच्या कामासाठी आधी खुर्ची नव्हती, ती मागाहून आणली गेली. पुढे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि दूरचित्रवाणीवर परीक्षकाचे आसनही मिळाले. ३ जुलै २०२० रोजी ती गेली. तुझ्या भावाला हा हिशेब अवश्य वाचून दाखव, आणि त्यातली चौदा वर्षे गाळू नकोस.

एप्रिल महिना माझ्या वहीत नर्तकांनी भरलेला आहे. २ तारखेला रेमो डिसूझा, ३ तारखेला प्रभुदेवा, १० तारखेला टेरेन्स लुईस आणि २९ तारखेला खुद्द जागतिक नृत्यदिन, जो अठराव्या शतकातल्या नोव्हेर या फ्रेंच बॅले-रचनाकाराच्या जन्मदिवशी १९८२ पासून साजरा होतो. प्रभुदेवाचे वडील मुगुर सुंदर हे स्वतः नृत्यदिग्दर्शक, त्यामुळे त्याला शाळा घरातच मिळाली. रेमोला ती मिळाली नव्हती. तो आधी इतरांच्या मागे नाचला, मग साहाय्यक झाला, मग नृत्यदिग्दर्शक, मग दिग्दर्शक, आणि २०१३ मध्ये ‘एबीसीडी’ काढताना त्याने प्रभुदेवालाच नृत्यगुरूच्या भूमिकेत उभे केले. त्या चित्रपटात दूरचित्रवाणीच्या स्पर्धांतली मुलेही होती, आणि तुझ्या लेकीच्या दृष्टीने खरी गोष्ट त्या मुलांची आहे.

आपण तरुण असताना १९९६ मध्ये सोनीवर ‘बूगी वूगी’ सुरू झाले होते, ते तुला आठवत असेलच. जावेद जाफरी, नावेद जाफरी आणि रवी बहल त्या बाकावर बसून हसत-खेळत गुण देत, आणि रडारड जवळजवळ नसे. आपल्या फुलवा खामकर त्याच स्पर्धेतून पुढे आल्या आणि नंतर ‘नटरंग’मधल्या ‘अप्सरा आली’चे नृत्यदिग्दर्शन त्यांनी केले. २००९ मध्ये झीवर ‘डान्स इंडिया डान्स’ आले, आणि स्पर्धा हाच धंदा झाला. त्याच्या दुसऱ्या पर्वाची विजेती शक्ती मोहन (जन्म १२ ऑक्टोबर १९८५). त्याच पर्वात बडोद्याचा धर्मेश येलांडे (जन्म ३१ ऑक्टोबर १९८३) होता, तो जिंकला नाही. पाच वर्षांनी ‘डान्स प्लस’मध्ये दोघेही एकाच रांगेत, नव्या मुलांचे मार्गदर्शक म्हणून बसलेले दिसले. विजेती आणि न जिंकलेला यांच्यातले अंतर पाच वर्षांत पुसले गेले, कारण दोघांनाही शिकवता येत होते. ज्यांना फक्त नाचता येत होते, त्यांची नावे मला आता वही उघडल्याशिवाय आठवत नाहीत, आणि माझी स्मरणशक्ती अजून चांगली आहे.

हिप-हॉपविषयी तू जरा नाक मुरडून लिहिले आहेस. ते तुझे तुझ्यापाशी. पण या कलेला स्वतःचा वाढदिवस आहे, हे तुला ठाऊक आहे का? ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत म्हणून मेजवानी ठेवली, आणि तबकड्या वाजवायला आपल्या भावाला बसवले. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क, जमैकात १६ एप्रिल १९५५ रोजी जन्मलेला. गाण्यातला निव्वळ तालाचा तुकडा आला की नाचणारी पोरे चेकाळतात, हे त्याने हेरले होते. पुढे त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने फिरवून तो तुकडा लांबवत न्यायची युक्ती काढली. त्या लांबलेल्या तालावर जे नाचले त्यांचे ब्रेकिंग हे नृत्य २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. हर्कने मात्र त्या काळात स्वतःची तबकडी काढली नाही. रॅपचे पहिले मोठे गाजलेले गाणे १९७९ मध्ये आले, आणि ते दुसऱ्यांचे होते. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला मान दिला तो २०२३ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. मानाला उशीर झाला तरी चालतो, भाड्याला चालत नाही.

आणि आपल्याच अमरावतीचे एक नाव तू विसरलास. भगवानदादा, जन्म १ ऑगस्ट १९१३. ‘अलबेला’ १९५१ मध्ये आला. त्यातली त्यांची ती खांदे उडवत, जागच्या जागी हलकेच डोलण्याची ढब नंतरच्या नायकांनी उचलली, आणि आजही लग्नाच्या वरातीत ज्याला नाचता येत नाही तो नकळत तेच करतो. जुहूला बंगला आला, मोटारी आल्या. पण स्वतः काढलेले पुढचे चित्रपट बुडाले तेव्हा ते सगळे गेले, आणि दादा दादरच्या चाळीत परतून मिळतील त्या लहान भूमिका करीत राहिले. तुझा भाऊ हे उदाहरण देईलच, म्हणून मी आधीच देतो. त्यांना नाचाने बुडवले नाही, निर्मितीच्या कर्जाने बुडवले. उलट पडत्या काळात चार घास मिळाले ते त्याच नाचाच्या आठवणीवर.

आता मुद्द्याचे. तिला शहरातल्या क्लासमध्ये कथकाचे जे शिक्षण चालू आहे ते विशारदपर्यंत सोडू देऊ नकोस, मग ती पुढे हिप-हॉप करो की आणखी काही. बारावीनंतर पदवीच घ्यायची तर छत्तीसगडमधल्या खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून केवळ कलांसाठीच चालते, आणि इथून ते दूरही नाही; मुंबईच्या ऑडिशनच्या रांगेत उभे राहण्याआधी तिथले प्रवेशाचे नियम तरी पाहून घ्या. सुट्टीत लहान मुलांना शिकवायला लाव. आपण केलेली रचना चित्रफितीत नोंदवून, तारीख घालून ठेवायची सवय आत्तापासून लावून घेऊ दे. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेला जायचे असेल तर जाऊ दे, पण तिथून परत आल्यावर सोमवारी कोणता वर्ग घ्यायचा आहे ते जाण्याआधी ठरलेले असावे.

आणखी एक. कॅमेऱ्याविना चालणारा करमणुकीचा व्यवसायही तिने पाहावा, असे मला फार वाटते. दिवाळीनंतर धानाची कापणी होऊ लागली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या त्या धानाच्या मुलखात, रात्रभर नाटक चालते, त्यात गाणे-नाचणे असतेच, लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात, आणि नागपुरातलेही कितीतरी कलावंत होळीपर्यंतचा हंगाम तिकडे काढतात. त्यांतल्या एकाचीही चौकट मी आजवर लिहिलेली नाही, संपादक मागतच नाहीत. त्या मंडळ्यांत कोणाला किती मिळते, कोण किती वर्षे टिकते, वय झाल्यावर कोण काय करते, हे तिने स्वतः विचारावे. भाऊबीज आटोपली की तिला घेऊन नागपूरला ये, इथून आपण गाडीने वडशाला जाऊ. थंडी असते, तेव्हा स्वेटर आणि शाल बरोबर घ्या. भाऊसाहेब येत असतील तर त्यांनाही आण, वाद तिथेच घालू.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. येण्याची तारीख आधी कळव, म्हणजे नाटकाची तिकिटे सांगून ठेवता येतील. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा,
नागपूरचा मित्र