चमकी आधीच काढून घे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, काल "या वयात कशाला चिरफाड" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. म्हणून लिहिते आहे. बाबा, हे तिला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

माझ्या लग्नात तू सव्वादोनच्या बांगड्या भरल्या होत्यास. गेल्या श्रावणात अडीचचीही हातात जाईना, तेव्हा कासारीण म्हणाली, "अंग धरलंय." आपण सगळ्यांनी तेच खरं मानलं. पण तुझं वजन कुठे वाढलं होतं? जोडवी रुतली, चपलेचं माप दोनदा बदललं, आवाज जाडावला, घोरणं सुरू झालं, हातांना मुंग्या, मग साखर, मग बीपी. प्रत्येकाला वेगळा डॉक्टर, वेगळी गोळी. पुढे आलेला जबडा आणि दातांतल्या फटी बघून शेवटी दातांच्या डॉक्टरांना शंका आली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. रोज बघणाऱ्याला हा बदल कळत नाही, त्यामुळे अ‍ॅक्रोमेगॅली, म्हणजे वाढीचं हार्मोन जास्त झाल्याने होणारा हा तुझा आजार, वर्षानुवर्षं लपून राहते. मी तर सहा-सहा महिन्यांनी येत होते. मला दिसायला हवं होतं, आई. ते मनातून जात नाही.

तू घाबरलीस ती "गाठ" या शब्दाला. ही गाठ कॅन्सरची नसते, असली तर अगदी क्वचित. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातली तुझी १२ मिलिमीटरची गाठ वाढीचं हार्मोन सोडतच राहते. त्यामुळे यकृत आयजीएफ-१ नावाचं वाढ घडवणारं दुसरं हार्मोन जास्त बनवतं, रिपोर्टमध्ये वाढलेलं आलं ते हेच. लहानपणी असं झालं असतं तर उंची वाढली असती. मोठेपणी हाडांची टोकं बंद झालेली असतात, म्हणून हात, पाय, जबडा रुंदावतो. हृदयही वाढतं, आणि मला खरी भीती त्याची आहे. नुसतं रूप बदललं असतं तर मी तुझ्यामागे लागले नसते.

डोकं उघडणार नाहीत, केस काढणार नाहीत. नाकातून दुर्बिणीने गाठ काढतात. अशी ऑपरेशनं नेहमी करणारे सर्जनच आपण गाठले आहेत. नंतर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही. हार्मोन तरीही उतरलं नाही, तर महिन्याला एक इंजेक्शन असतं. जबडा पहिल्यासारखा होणार नाही, हे लपवत नाही. पण हातांची सूज उतरते, घाम कमी होतो, साखर आणि बीपीही बऱ्याचदा सुधारतं.

बाबा, डोळ्यांची तपासणी बुधवारच्या आत करून घ्या. नजरेच्या नसा त्या ग्रंथीच्या अगदी वर असतात, कडेचं दिसणं कमी झालंय का ते बघायचं आहे. डॉक्टरांनी जुने फोटो मागितलेत, लग्नाचा अल्बम पिशवीत टाका.

मी गुरुवारी पहाटे पोचते. आई, नाकातली चमकी आता सहज निघायची नाही. सोनाराकडे जाऊन आधीच काढून घे, आणि डबीत ठेव.

तुमची,
ताई