अबोल डिजिटल चित्रांकडे सवडीने पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च 2021 मध्ये बीपल या चित्रकाराचे डिजिटल चित्र क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे 6 कोटी 93 लाख डॉलरना विकले गेले आणि तेव्हापासून ‘एनएफटी’, म्हणजे डिजिटल चित्राच्या मालकीची संगणकीय नोंद, म्हटले की आपल्याकडे केवळ किमतीचीच चर्चा होते. पुढे बाजार कोसळला, 2022 पासून या व्यवहारांतील नफ्यावर 30 टक्के कर लागू झाला आणि बेळगावातही हा विषय मागे पडला. माझ्या मते हे बरेच झाले, कारण या गलबल्यात झाकली गेलेली साधी, अबोल चित्रे आता निवांत पाहता येतात.

लार्व्हा लॅब्स या सॉफ्टवेअर कंपनीची 2019 मधील ‘ऑटोग्लिफ्स’ ही 512 चित्रांची मालिका त्यांपैकीच एक. इथेरियम या अनेक संगणकांवर जपलेल्या सामायिक डिजिटल नोंदवहीत कायमची नोंदलेली आज्ञावलीच 64 उभ्या आणि 64 आडव्या घरांत चिन्हे मांडत जाते. टिंब आले तर घर कोरे सोडायचे, अधिकचे चिन्ह आले तर उभी व आडवी रेघ ओढायची, जाळीचे (#) चिन्ह आले तर घर पूर्ण भरायचे, असे मोजके नियम त्या आज्ञावलीतच लिहून ठेवले आहेत. पहिल्या नजरेत हे रेघोट्यांचे जंजाळ वाटते. मात्र तेच चित्र अधूनमधून उघडून पाहत गेले की कोऱ्या घरांच्या वाटा दिसू लागतात, मग एखाद्या चित्रातली डावी-उजवी बाजू परस्परांचे प्रतिबिंब असल्याचे ध्यानात येते, आणि इतक्या थोड्या नियमांतून एवढे वैविध्य कसे निघाले याचे नवल वाटत राहते. साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर घरे मोजून उतरवणाऱ्या शहापूर-वडगावच्या विणकरांना ही रीत मुळीच परकी वाटणार नाही.

ही दृष्टी काल-परवाची नव्हे. 2023 मध्ये निवर्तलेल्या चित्रकार वेरा मोल्नार 1968 पासून संगणकाकडून साधे चौकोन आखून घेत आणि त्यांची शिस्त किंचित ढळू देत.

अशी चित्रे पाहण्यासाठी ती विकत घ्यावी लागत नाहीत, हे वाचकांना आवर्जून सांगितले पाहिजे. आपल्या रविवार पुरवणीत अधूनमधून असे एखादे चित्र मोठ्या आकारात, त्यामागच्या नियमांसह छापावे आणि किमतीचा उल्लेख शक्यतो टाळावा, ही विनंती. नियम हाती आले, तर सीमाभागातील शाळांमधील मुले चौकटीच्या वहीत अशी चित्रे स्वतः काढून पाहू शकतील.

आपला नम्र,
एक वाचक, वडगाव, बेळगाव