प्रशस्तिपत्र जोडलेली आत्मकथने

संपादक महोदय,

अमेरिकेतील बंदिवासाच्या कथनांचा विषय निघाला की मेरी रोलँडसन या गोऱ्या वसाहतवासी स्त्रीचे नाव आधी येते. १६७६ मध्ये मूळ रहिवाशांनी तिला पकडून नेले, ११ आठवड्यांनी २० पौंड खंडणी भरून ती सुटली. पण गुलामगिरीतून पळून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन उघडा. शीर्षकपानावर ‘स्वतः लिहिलेले’, वर सुरुवातीलाच दोन गोऱ्यांची प्रशस्ती! गुलामाला लिहिता येते, यासाठीही साक्षीदार लागत. गुलामगिरीतून पळालेल्या हॅरिएट जेकब्स आजीच्या घराच्या माळ्यावर जवळपास ७ वर्षे दडून राहिल्या. तिथे सरळ उभेही राहता येत नसे. त्यांचे १८६१ चे आत्मकथन अभ्यासक कित्येक दशके कादंबरीच समजत होते. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ ज्यांना अर्पण केली, त्या अमेरिकेतल्या लोकांच्या गुलामगिरीविरोधी चळवळीची ही कागदपत्रे आपल्या पुरवणीत क्रमशः वाचायला आवडतील.

– एक वाचक, सातारा